एकशे त्रेचाळीस चुकांचं पान

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

डायरी लिहायची मला सवय नाही. संगणक वर्गातल्या मुलींनी शिक्षकदिनाला दिलेली ही वही महिनाभर तशीच पडून होती. आज उघडली, कारण मनातली भीती कुणाला सांगायची नाही असं ठरवलं आहे आणि पोटात ठेवली तर जेवण जात नाही.

भीती जुनीच आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी माझा नवरा बाळा ज्या ट्रॉलरवर खलाशी होता ती निवतीसमोर उलटली. तो एका प्लास्टिकच्या डब्याला धरून अकरा तास पाण्यात होता. किनाऱ्यावर आणला तेव्हा त्याची बोटं त्या डब्याच्या मुठीतून सुटेनात. त्याच दिवशी सासूबाईंनी त्याच्याकडून शब्द घेतला, पुन्हा ट्रॉलरवर पाय ठेवायचा नाही. मग घरामागच्या माडांत पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. आणि देवबागसारख्या टोकाच्या गावात पाहुणे येतात ते मी बनवलेल्या वेबसाइटमुळे. म्हणजे बाळा जमिनीवर आहे तो माझ्या वेबसाइटच्या भरवशावर.

गूगलवर मालवण आणि राहण्याची सोय असं इंग्रजीत टाकलं की आम्ही तिसरे येतो. तिसऱ्याचा चौथा, चौथ्याचा चाळिसावा व्हायला किती वेळ लागतो? आज एका इंग्रजी चर्चेच्या पानावर वाचलं, की ज्या साइटचा कोड वेब स्टँडर्ड्सप्रमाणे शुद्ध असतो तिला गूगल वर चढवतं. त्याखाली बरेच जण भांडत होते, पण तेवढ्यात फोनची लाइन गेली. व्हॅलिडेटर म्हणून एक जागा आहे. तिथे आपल्या साइटचा पत्ता द्यायचा, ती चुका मोजून देते. आमच्या साइटच्या दोनशे बारा निघाल्या, सगळ्या लाल अक्षरांत. मी दुसऱ्यांच्या पोरींना कॉम्प्युटर शिकवते, आणि माझ्या स्वतःच्या चुका दोनशे बारा!

७ ऑक्टोबर, शनिवार

चार दुपारी खर्ची घालून एकोणसत्तर चुका काढल्या. जुने तक्ते मोडले, उघडे राहिलेले टॅग बंद केले, प्रत्येक फोटोला नाव दिलं. उरल्या एकशे त्रेचाळीस, आणि त्या सगळ्या एकाच पानावर. सासूबाईंच्या.

चंद्रावती म्हणजे माझ्या सासूबाई. तीस वर्षं मालवणच्या बाजारात पाटी घेऊन मासळी विकली. आता गुडघ्यांमुळे बाजार सुटला, पण रापण सुटली नाही. किनाऱ्यावरून मोठं जाळं टाकतात, दोन्ही बाजूंनी दोर धरून अख्खी वाडी ते ओढते, आणि दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो पाहुणा असो की पोर. ते आटोपलं की सासूबाई घरी येऊन माझ्याजवळ पाट घेऊन बसतात आणि आज काय मिळालं ते सांगतात. गेल्या वर्षी गंमत म्हणून मी ते वर्डमध्ये, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत टाइप करून साइटवर चिकटवायला लागले. वर्डचा सगळा केर त्याबरोबर आत जातो, त्याच्याच या चुका. दोनशेच्या वर दिवस आहेत. एकेक साफ करायला दिवाळी उजाडेल.

ते पान मी काढून टाकलं.

पुण्यामुंबईची माणसं राहायला जागा शोधतात, त्यांना पेडवे किती आले त्याच्याशी काय करायचंय? उलट साइट उघडल्याबरोबर मासळीचा वास यायचा. मी वालावलची. आमच्याकडे मासळीवाली दारात येऊन गेली की आई तिची पाटी टेकलेल्या जागी तांब्याभर पाणी ओतायची. अर्थात त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही. हा तांत्रिक निर्णय आहे.

आता चुका शून्य. व्हॅलिडेटरची पट्टी हिरवीगार झाली. शुद्ध कोडचं ते छोटं चिन्ह पहिल्या पानाच्या तळाशी लावलं आणि दहा वेळा बघितलं.

संध्याकाळी सासूबाई आल्याच. "लिव गो."

कसं सांगणार? म्हटलं, "आये, कॉम्प्युटर बिघडलोहा. वहीत लिवन ठेवतंय, मागीर घालतंय." आणि हीच वही पुढे ओढली. त्यांना अक्षर येत नाही.

सासूबाई: आज पेडवे नि दोन लेपे. दोरयेक एकवीस हात. त्यातलो एक बाबलीच्या नातवाचो, तीन वर्सांचो. त्याकाय एक पेडवो दिलो. माझी सून दोरयेक कधी हात लावणा नाय, तरी तिचो वाटो घरा येता.

हे मी इंटरनेटवर घालत होते! बरं झालं काढलं ते.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीला तिन्ही खोल्या भरल्या. ही मंडळी सप्टेंबरातच ठरलेली, पण भरल्या त्या भरल्या. बाळा पाहुण्यांना खाडीत फिरवून आणत होता, शिट्टी वाजवत. साइट अजून तिसरीच आहे. शुद्धतेचा परिणाम व्हायला थोडे दिवस लागत असतील.

सासूबाई: बांगडे. इतके की जाळा वडवना. पुण्याचो एक पावणो, पँट दुमडून दोर धरून उभो. हाताक फोड इलो तो सगळ्यांका दाखयत फिरलो. त्याका चार बांगडे दिले, तो रडाकच लागलो.

५ नोव्हेंबर, रविवार

नववे.

काल चौथे होतो, आज नववे. तीनदा बघितलं. व्हॅलिडेटरवर पुन्हा तपासलं, चुका शून्य. मग कुठे बिनसलं?

१२ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. पाचव्या पानापर्यंत गेले, तिथे वेंगुर्ल्याच्या कुणाच्या तरी लग्नाचे फोटो आहेत, आम्ही नाही. वर्गात मुली विचारत होत्या, "मॅडम, बरां नाय काय?"

विचार करून एकच गोष्ट सुचते, साइट अजून पुरेशी शुद्ध नसणार. शुद्धतेच्या दोन प्रती असतात, एक सैल आणि एक कडक. मी सैल घेतली होती. आता कडक घेते. सासूबाईंच्या पानाकडे नेणारा एक धागा पहिल्या पानावर राहून गेला होता, तोही कापला.

सासूबाई: तारली. दोरयेक पंधरा हात. बाबली म्हातारो आजारी. त्याचो वाटो घरा पोचयलो. आजारी माणसाचो हात दोरयेर आसाच म्हणान धरूचो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

कडक प्रतीतसुद्धा चुका शून्य. दहा दिवसांत खोलीची चौकशी करणारी एकही मेल नाही. फोन एकदा वाजला, तो चुकीचा नंबर.

बाळाने जेवताना विचारलं, "नाताळाचो कोण ठरलो काय गो?"

"यंदा लोक उशिरा ठरवतत," मी म्हटलं.

तो भात अर्धा टाकून उठला. आजवर मी बाळाशी खोटं बोलले नव्हते. आता नवऱ्याशी खोटं, सासूशी खोटं, आणि खरं काय ते फक्त या वहीला.

सासूबाई: मुडदुशे, सौंदाळे. हात तेवीस. (आधी मी चोवीस लिहिलं, त्यांनी परत मोजून तेवीस करायला लावलं.)

२ डिसेंबर, शनिवार

आज जे व्हायला नको होतं ते झालं. बाळा मालवणला जाऊन आला आणि अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "हरिश्चंद्राक खलाशी होयो. पंधरा तारखेक भायर पडतलो. मी येतंय म्हणान सांगलंय."

हरिश्चंद्र म्हणजे ट्रॉलरचा तांडेल. सासूबाई माडाच्या बुंध्याशी मासे साफ करत होत्या. त्यांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि सुरी चालवत राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मात्र तो डबा दिसला, आणि त्याच्या मुठीतली बाळाची पांढरी पडलेली बोटं.

हे मी केलं आहे. कसं केलं ते कळत नाही, पण केलं आहे मीच. सासूबाई संध्याकाळी सांगायला आल्या नाहीत.

७ डिसेंबर, गुरुवार

वर्गाला सुट्टी टाकून एसटीने कुडाळ, तिथून बांदा. घरी सांगितलं, कॉम्प्युटरचा भाग आणायचा आहे. बांद्याला हायवेजवळ ॲरोनचं सायबर कॅफे आहे. कुडाळला कोर्सला आम्ही एकाच बाकावर होतो. सबंध जिल्ह्यात वेबसाइटमधलं खरं कळतं ते त्यालाच.

मी बसल्या बसल्या सुरुवात केली. "एक चूक नाय रे. कडकात कडक तपासून घेतलंय."

त्याने बघितलं. "झकास केलंस. कोड साफ असलेलो बरोच, सगळ्या कॉम्प्युटरांर साइट नीट दिसता. पण गूगल त्येचे मार्क देता म्हणान तुका कोणी सांगला?"

"वाचलंय."

"त्याच्या खालचा वाचलंस?"

फोनची लाइन गेली होती हे काय सांगणार?

"आयक," तो म्हणाला. "तुझी साइट बरी काय वायट, ह्या गूगल तुका इचारणा नाय, दुसऱ्यांका इचारता. दुसरे लोक आपल्या साइटवरसून तुझ्याकडे बोट दाखयतत की नाय, ता बघता. थांब, कोण कोण दाखयता ता बघूया."

यादी आली, एकसष्ट जणांची. दुबईतला कुणी मालवणी माणूस. पुण्याचा भटकंती करणारा गट. माशांवर अभ्यास करणारी एक मुलगी. बोस्टनमधल्या कुणा बाईने लिहिलं होतं, "रोज ऑफिसात आधी हे वाचते, मग काम." मी आनंदाने मोजतच होते, तोवर ॲरोनने त्यातल्या एकावर टिचकी मारली. पान सापडत नाही. दुसऱ्यावर मारली. पान सापडत नाही. एकसष्टातली अठ्ठावन्न बोटं एकाच पानाकडे होती.

"ह्या पानार होता काय?" ॲरोनने विचारलं.

"सासूबाई," मी म्हटलं आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर रडले.

तो बिचारा सोडा घेऊन आला. म्हणाला, "पान होता तसा, होता त्याच पत्त्यार परत घाल. पण गूगलाक परत दिसाक म्हयनो जायत, दोन जायत. माका सांगूक येवचा नाय."

महिना! आणि पंधरा तारखेला आठ दिवस आहेत.

८ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं. सकाळी, सासूबाई चुलीपुढे होत्या तेव्हा. पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"म्हणजे दोन म्हयने तू नुसती वहीत लिवलंस?"

"होय आये."

"कित्याक?"

"त्या पानात एकशे त्रेचाळीस चुको होत्यो."

त्यांनी चुलीतले निखारे मागे सारले. मग म्हणाल्या, "जाळ्याची गाठ बरी होयीच. फाटक्या जाळ्यात मासो रवणा नाय. पण गाठी बऱ्यो म्हणान जाळा आपसून वर येता? वडूक हात होये. इतके लोक दोर धरून उभे होते आणि तू दोर कापलंस गो."

मग त्या म्हणाल्या, "लिवलला वाच."

वही आणली. त्यांची सगळी वाक्यं वाचली. मध्ये मध्ये माझं येत होतं ते गाळत गेले. सात ऑक्टोबर आला तेव्हा थांबले, आणि काय झालं कोण जाणे, ते गाळलं नाही. मासळीचा वास, वालावल, आईचा तांब्या, तांत्रिक निर्णय, सगळं वाचलं.

"माका ठावक होता," सासूबाई म्हणाल्या. "माझी मासळीची पिशवी तू दोन बोटांनी धरतंस. सात वर्सां बघतंय. आता रडा नको. किती दिवस गाळलंस तेवढे परत घाल."

९ डिसेंबर, शनिवार

जुनं पान डिस्कवर जपून ठेवलेलं होतं, ते देवाच्या कृपेने उघडलं. आहे तसं, एकशे त्रेचाळीस चुकांसकट, जुन्याच पत्त्यावर चढवलं. मग ही वही मांडीवर घेऊन गाळलेले दिवस एकेक करून टाइप केले. मी भीतीपोटी लिहीत गेले म्हणून ते राहिले, नाहीतर बाबलीच्या नातवाचा पेडवा कायमचा गेला असता.

११ डिसेंबर, सोमवार

त्या पानाच्या खाली वाचकांसाठी एक वेगळा मेलचा पत्ता होता. तिथे खोलीची चौकशी कुणी करत नसे, "काकू कशा आहेत" एवढंच असायचं, म्हणून पान काढल्यापासून मी तो उघडलाच नव्हता. आज उघडला. चव्वेचाळीस पत्रं.

काकू आजारी आहेत का? काकू गेल्या का? कृपा करून कळवा. बोस्टनच्या बाईची सहा पत्रं आहेत, शेवटच्यात नुसतं लिहिलंय, "मला भीती वाटते."

घाबरणारी मी एकटीच नव्हते. दुपारभर बसून चव्वेचाळीस जणांना लिहिलं की काकू ठणठणीत आहेत, चूक सुनेची होती, पान परत आलं आहे. आणि लाज सोडून हेही लिहिलं, की नाताळात खोल्या रिकाम्या आहेत, या.

१५ डिसेंबर, शुक्रवार

गेला.

काल संध्याकाळपर्यंत उत्तरं आली होती, "बघतो, कळवतो" अशी. मी बाळाच्या फक्त पाया पडायचीच राहिले. तो म्हणाला, "खोलयो भरल्यो तर फुडल्या फेरयेक जाणा नाय. पण हरिश्चंद्राक सबद दिलोहा, ऐन येळार त्याका माणूस खंयसून गावतलो?"

सासूबाई त्याच्याशी दोन तारखेपासून बोलल्या नव्हत्या. आज निघताना त्या आतून तो प्लास्टिकचा डबा घेऊन आल्या. दोन वर्षं त्यात तांदूळ असायचे. तांदूळ परडीत ओतून त्यांनी डबा पुसला, झाकण घट्ट आवळलं आणि बाळाच्या बोचक्याला बांधला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

१८ डिसेंबर, सोमवार

पुण्याच्या गटातले सहा जण चोवीसपासून येणार. दुबईवाला आईला घेऊन येतोय. तिन्ही खोल्या भरल्या. गूगलवर आम्ही अजून कुठेच नाही, ही माणसं तिथून आलीच नाहीत. आणि ही बातमी ज्याला सांगायची तो कुठल्या पाण्यात आहे ते माहीत नाही.

सासूबाई: आज रापण घालूक नाय. वारो.

२० डिसेंबर, बुधवार

वारा वाढलाच आहे. मालवणच्या बाकीच्या ट्रॉलर आत आल्या, हरिश्चंद्राची नाही. एक तांडेल म्हणाला की काल तिचं इंजिन बंद पडलेलं बघितलं. दुसरा म्हणाला, ती दुसरीच होती. बंदरावर विचारायला गेले तर सगळे माझ्या तोंडाकडे न बघता बोलत होते.

मी दोनशे बारा चुकांना घाबरले होते. किती मूर्ख होते मी.

२१ डिसेंबर, गुरुवार

काही कळलं नाही. सासूबाई सकाळपासून वाळूवर बसल्या आहेत. मी जेवण नेलं ते तसंच परत आणलं. मग मीही शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

आला! बाळा आला!

इंजिन खरंच बंद पडलं होतं. दोन दिवस निवतीच्या आडोशाला नांगर टाकून होते, आज वारा पडल्यावर एका होडीने चौघांना आणून सोडलं. होडी लाटांत अडकली तेव्हा तिचा दोर वाळूवर फेकला आणि जो जवळ होता तो ओढायला धावला. मी कधी गेले ते मला आठवत नाही. तळहाताची साल निघाली आहे, म्हणून हे वाकडंतिकडं लिहितेय. बाळा उतरला तो डबा काखेत मारूनच. सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच खाली बसल्या.

तिन्हीसांजेला पाट घेऊन आल्या. "लिव गो."

मी वही बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटर लावला. "सांग आये."

"आज मासळी नाय. आज झिल इलो." मग थांबून म्हणाल्या, "दोरयेक हात किती होते?"

"मोजूक नाय."

"मी मोजलंय. अकरा हात. त्यातलो एक माझ्या सुनेचो. ता पण लिव."

लिहिलं, आणि तपासून न बघता चढवलं.